फॉर्म भरायच्या आधी नाव जुळवा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या लोकांसाठी

पेन्शन असू दे, गृहलक्ष्मी (घरातल्या प्रमुख बाईला पैसे देणारी कर्नाटक सरकारची योजना) असू दे, रेशन कार्ड नाहीतर पोरांची स्कॉलरशिप असू दे, आपल्याकडं अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा माणूस योजनेत बसत नाही म्हणून नव्हे, तर त्याचे कागद एकाला एक जुळत नाहीत म्हणून. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, पासबुकात तिसरंच. आणि ते जुळवायचं काम सगळं अर्जदाराच्या डोक्यावर. म्हणजे पासष्ट वर्षांच्या बाईनं, जिला ना कन्नड वाचता येतं ना इंग्रजी, तिनं शोधून काढायचं की कुठल्या खात्याच्या कम्प्युटरात आपलं नाव चुकलंय. सरकारकडं आधार आहे, रेशन कार्ड आहे, कुटुंब म्हणून घराची आयडीपण काढलीय, तरी प्रत्येक योजनेला परत नाव लिहा, परत झेरॉक्स जोडा. हे मला पटत नाही, पण पेन्शन तर हवीच आहे ना, म्हणून भांडण नंतर, आधी कागद कसे लावायचे ते सांगतो. मी काही सरकारी माणूस नव्हे, गल्लीतल्या लोकांचे फॉर्म भरून देतो एवढंच.

सुरुवातीला अर्ज बाजूलाच ठेवायचा. घरातले सगळे कागद चटईवर पसरा. आधार, रेशन कार्ड, मतदान कार्ड, पासबुक, शाळेचा दाखला असला तर तो, उतारा, लाईट बिल, नवरा वारला असेल तर मयताचा दाखला. मग एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं उतरवून काढा, इंग्रजीतलं वेगळं, कन्नडमधलं वेगळं, शेजारी जन्मतारीख, त्याच्या शेजारी बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, आणि कुठं कुठला मोबाईल नंबर दिलाय तोपण. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा, आपल्या मराठी शाळेतल्या पोरांनापण कन्नड विषय असतोच.

आता बघा काय दिसतं. समजा आजीचं नाव यल्लूबाई परशराम चौगुले. आधारवर यल्लूबाई चौगुले, मधलं नाव गायब. रेशन कार्ड कन्नडमधनं टाईप झालेलं, तिथं आजी यल्लव्वा झालीय, कारण टाईप करणाऱ्याला बाई काय अन् अव्वा काय एकच. पासबुकात वाय पी चौगुले, त्यात अडनावाच्या स्पेलिंगला ओ-यू च्या जागी ए-यू. मतदान कार्डावर नवरा परशुराम, उताऱ्यावर परशराम. बाई एकच, पण कागदावर चार बायका उभ्या राहिल्या. गावडे डब्ल्यूनं की व्हीनं, ज्योतिबात वाय आहे की नाही, हे आपल्याला चिल्लर वाटतं पण कम्प्युटर तिथंच अडतो, आणि काउंटरवरचा माणूस "नाव मॅच होत नाही" म्हणून सांगून पुढच्याला बोलावतो, कुठलं नाव कशाशी मॅच होत नाही ते काय सांगत नाही. तुमच्याकडं तो कागद असला की तुम्हीच त्याला विचारू शकता, सर कुठल्या कागदातलं चुकतंय, आधारचं की रेशनचं? एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

सगळंच दुरुस्त करत बसू नका, वर्ष जाईल. एक कागद धरून बसायचं आणि बाकीचे त्याच्याकडं वळवायचे. तो कागद म्हणजे आधार, आवडो न आवडो, कारण पैसे आधारच्या मागनंच येतात. पण आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलून मिळतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं तिथं उठसूट हात घालायचा नाही. स्पेलिंग विचित्र आहे पण माणूस कळतोय, तर राहू दे तसंच. बँकेत जाऊन पासबुक आधारप्रमाणं करून घ्या, ते सगळ्यात सोपं, केवायसीचा एक फॉर्म भरून होतं. रेशन कार्डावरचं नाव त्याच्यानंतर. मतदान कार्ड सगळ्यात शेवटी, त्याच्यावाचून पेन्शन अडल्याचं मी तरी फारसं बघितलं नाही. आधारवरच नाव साफ चुकलं असेल, दुसऱ्याच बाईचं वाटावं असं, तरच आधार सेंटर गाठा, आणि तिथं फॉर्मवर नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरात घरूनच लिहून न्या, तोंडी सांगू नका. ऑपरेटर टाईप करून झाला की स्क्रीन तुमच्याकडं फिरवून दाखवतो, तेव्हा घाईघाईनं "होय होय बरोबर आहे" म्हणू नका, इंग्रजी बघा आणि खालचं कन्नडपण वाचून घ्या. चुका बहुतेक त्या खालच्या ओळीत असतात.

जन्मतारखेचं दुखणं वेगळं. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस आधारवर एक जानेवारीला येतो, कारण आधार काढताना वय अंदाजानं सांगितलं आणि त्यांनी वर्ष तेवढं टाकलं. अंदाज दोन-चार वर्षांनी कमी पडला की संध्या सुरक्षा (कर्नाटक सरकारची म्हाताऱ्या माणसांची पेन्शन) अडकते, कारण तिला पासष्ट पूर्ण लागतात. अशा वेळी दुरुस्तीच्या मागं लागायच्या आधी बघा, साठ पूर्ण दिसतात काय, आणि बीपीएल कार्ड आहे काय. असेल तर इंदिरा गांधी वृद्धाप्य पेन्शनला अर्ज करता येतो, रक्कम कमी आहे पण चालू तर होते. दोन्ही पेन्शनी एकदम मिळत नाहीत, ते पण लक्षात ठेवा. आणि तारीख बदलायचीच असेल तर हातात पक्का पुरावा घेऊनच जा, जन्मदाखला नाहीतर शाळेचा, कारण ती संधी एकदाच.

मोबाईल नंबर हा तर स्वतंत्र ताप आहे. आधारला नंबर पोराचा दिलेला, पोरगा गोव्यात कामाला, आजी इथं काउंटरला उभी आणि ओटीपी तिकडं मडगावात वाजतोय, पोराचा फोन कंपनीत लॉकरमध्ये. म्हणून घरात जो फोन कायम असतो त्याचा नंबर आधारला लावा, तेवढ्यासाठी आधार सेंटरला एक फेरी मारली तर पुढच्या धा वाचतात. ज्यांचा अंगठा उठत नाही, आणि रोपं लावून, भुईमूग काढून, वीट उचलून ज्यांची बोटं झिजलीत त्यांचा उठणारच नाही, त्यांनी काउंटरवर डोळ्याच्या मशीनचं नाहीतर ओटीपीचं विचारायचं. अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवायचं हे काय कारण नव्हे.

सून चंदगडची असेल तर

हे आपल्या सीमाभागातलंच खास. उचगाव-बेळगुंदीकडं, खानापूरला, निपाणीच्या बाजूला सुना चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या असतात आणि आपल्या मुली तिकडं जातात. सोयरीक करताना कुणी राज्य बघत नाही, पण कागद राज्याबाहेर गेला की गप्प बसतो. सुनेचं नाव माहेरच्या रेशन कार्डात, आधारवर पत्ता कोल्हापूर जिल्ह्याचा, शाळेचा दाखला मराठीत. तिला इथल्या रेशन कार्डात घ्यायचं तर आधी तिकडनं नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो तिकडच्या तहसीलच्या पुरवठा विभागातनं मिळतो, आणि लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी जाते तेव्हाच आणला तर बरं, नाहीतर मग पहिल्या पोराच्या वेळी तायी कार्डापासनं (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) सगळीकडं धावाधाव सुरू. लग्न नोंदवून घ्या, हॉलच्या पावतीवर आणि पत्रिकेवर भागवू नका. मॅरेज सर्टिफिकेट असलं की आधारचा पत्ता बदलणं सोपं जातं, घरातल्या कर्त्या माणसाच्या आधारच्या जोरावर पत्ता बदलायची सोय २०२३ पासून आहे, नातं दाखवणारा एक कागद लागतो आणि त्या माणसाची ओटीपीनं संमती लागते.

नाव बदलायचीपण घाई करू नका. लग्न झालं की अडनाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावावर शाळेचे दाखले, बँक, सगळं व्यवस्थित असेल तर तेच चालू ठेवलेलं बरं. निम्मे कागद माहेरच्या नावाचे आणि निम्मे सासरच्या, ही अवस्था सगळ्यात वाईट.

जातीच्या दाखल्याचं मात्र नीट समजून घ्या. महाराष्ट्रातला दाखला इथं आरक्षणाला चालत नाही आणि इथला तिकडं चालत नाही. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३ बी गटात येतो, त्या गटाला ५ टक्के आरक्षण आहे, तिकडचं गणित पूर्ण वेगळं. जात बापाकडनं धरतात, नवऱ्याकडनं नाही, म्हणून सुनेला दाखला पाहिजे असला तर तिच्या वडिलांचे कागद लागणार. शाळेच्या दाखल्यात नुसतं "हिंदू" लिहून जातीचा रकाना रिकामा सोडलेला असतो, तो पोराच्या शाळेत आत्ताच बघून घ्या, दहावी झाल्यावर दुरुस्ती लई जड जाते. तशी महाराष्ट्र सरकारनंपण सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय, चांगली गोष्ट आहे, पण तिचे कागद परत निराळे. दोन सरकारं आपल्यासाठी भांडतात आणि झेरॉक्स आपण दोघांच्या काढतो.

जिल्ह्याच्या नावाचं पण एक आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं, म्हणून जुन्या कागदावर एक आणि नव्यावर दुसरं असणारच. निपाणी आणि कागवाड तालुके नंतर झाले, त्यामुळं निपाणीवाल्यांच्या जुन्या उताऱ्यावर, दाखल्यावर तालुका चिक्कोडी. हा फरक सरकारनं केलाय, तुम्ही नाही, त्याच्यासाठी स्टॅम्पवर अफिडेव्हिट करून द्यायला कुणी सांगितलं तर आधी शांतपणे विचारा, साहेब हे कुठल्या नियमात आहे, लिहून द्या. बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. नाव चुकल्याचं अफिडेव्हिट वेगळं, ते लागतं.

कन्नड फॉर्म समोर आला तर

सेवा सिंधू, म्हणजे कर्नाटक सरकारची अर्ज भरायची वेबसाईट, कन्नड आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथं सरकारी सूचना, कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत असं फार पूर्वी ठरलेलं आहे, त्यावर आपल्याकडं मोर्चे झाले, निवेदनं गेली, सगळं तुम्हाला माहितीय. ते होईल तेव्हा होईल. आज फॉर्म भरायचाय तर ऑनलाईन इंग्रजी निवडा, घरातली कॉलेजची पोरं ते वाचू शकतात. छापील कन्नड फॉर्मवर मोबाईलचा कॅमेरा धरून गूगल लेन्सनं मराठी करता येतं, अंदाज येतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवून सही करू नका, कधीकधी ते भलतंच सांगतं.

त्यापेक्षा ठरावीक शब्द पाठ करा, फॉर्म कुठलाही असला तरी तेच तेच येतात. हेसरु म्हणजे नाव, तंदेय हेसरु बापाचं, गंडन हेसरु नवऱ्याचं, इथं हमखास उलटसुलट होतं, विधवा बाईच्या अर्जात बापाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव जातं. विळास म्हणजे पत्ता, त्यात ग्राम, होबळी, तालुका असं विचारतात, होबळी म्हणजे आपल्या गावच्या वरचं महसुली मंडळ, तुमची होबळी कुठली ते उताऱ्यावर लिहिलेलं असतं. वासस्थळ म्हणजे रहिवास. आदाय म्हणजे उत्पन्न. पडितर चीटी म्हणजे रेशन कार्ड. फलानुभवी म्हणजे ज्याला लाभ मिळणार तो. लगत्तिसु असं काही दिसलं की समजायचं तिथं कागद जोडायला सांगतायत. आणि तिरस्कृत दिसलं तर अर्ज फेटाळला, त्याच्या पुढं कारण असतं, ते वाचून घेतल्याशिवाय दुसरा अर्ज टाकू नका, नाहीतर त्याच कारणानं तोही जाणार.

शेवटच्या पानावर घोषणापत्र असतं, मी दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाली तर कारवाईला पात्र वगैरे. ते कुणाकडनं तरी मोठ्यानं वाचून घ्या आणि मगच सही नाहीतर अंगठा. कोऱ्या फॉर्मवर अंगठा द्यायचा नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

उत्पन्नाचा दाखला

हा दाखला नाडकचेरीतनं (होबळीचं महसूल ऑफिस) निघतो, ऑनलाईनपण अर्ज होतो. तलाठी (त्यांच्या भाषेत आधी ग्राम लेक्काधिकारी, आता ग्राम आडळित अधिकारी) चौकशी करून रिपोर्ट देतो, मग पुढं जातो. दाखल्यावर आरडीनं सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, खरा जीव त्या नंबरात, कारण स्कॉलरशिपच्या पोर्टलवर कागद नव्हे तर हा नंबर टाकतात. नंबर वहीत लिहून ठेवा, दाखल्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. दाखला ५ वर्षं चालतो, त्यामुळं दरवर्षी नवीन काढायला लावत असतील तर तारीख दाखवा. डिजिटल सही असते, त्याच्यावर परत गोल शिक्का मारून आणायची गरज नाही.

आता यातली मेख. संध्या सुरक्षेला नवरा-बायको मिळून वर्षाचं उत्पन्न ३२,००० च्या आत पाहिजे, बीपीएल कार्डाला मर्यादा आहे १ लाख २० हजार. म्हणजे कार्डासाठी गरीब असलेला माणूस पेन्शनसाठी गरीब असतोच असं नाही. ३२,००० ला ३६५ नं भागून बघा, दिवसाला ८८ रुपयेपण होत नाहीत, दोघांचे मिळून. ही मर्यादा कुणी ठरवली आणि त्यानं शेवटची भाजी कधी आणली देव जाणे. कागदावर खोटं लिहा असं मी सांगणार नाही, पण एवढं करा, तलाठ्याला तोंडी "चार-पाच हजार मिळतात की महिन्याला" असं मोघम सांगू नका. तुमच्या नावावर खरं काय येतं ते मोजून सांगा. पोराचा पगार पोराचा, तो वेगळा राहत असेल, कार्ड वेगळं असेल तर तसं स्पष्ट सांगा. म्हातारी माणसं अब्रू जाईल म्हणून उत्पन्न वाढवून सांगतात, पोरगा बघतो आमचं, आम्हाला काय कमी नाही असं म्हणतात, आणि तेच कागदावर चढतं. फॉर्मचा सगळ्यात मोठा त्रास हाच आहे असं मला वाटतं, झेरॉक्स आणि फेऱ्या परवडल्या, पण चारचौघांत, काउंटरवर, आपण किती गरीब आहे ते मोठ्यानं सांगायला लावतात. म्हणून आजी-आजोबांबरोबर घरातलं कुणीतरी जा, आणि बोलायचं ते घरी ठरवून जा.

संध्या सुरक्षेत महिन्याला १,२०० मिळतात. दोघांच्या नावावर बँकेत १०,००० च्या वर ठेव असेल तर अडचण येते, पतसंस्थेत मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती आजोबांच्या नावावर असते, ती आठवून बघा.

विधवा पेन्शनसाठी मयताचा दाखला लागतो आणि तो वेळेत नोंदवला नाही तर पुढं कटकट वाढत जाते. २१ दिवसांत नोंद केली तर काहीच खर्च नाही, नंतर दंड, महिन्यानंतर परवानगी, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर. दिवसकार्याच्या गडबडीत कुणाला सुचत नाही, म्हणून भावकीतल्या एकाला हे काम नेमूनच द्या, आणि नोंद करताना मयताचं आणि बायकोचं नाव आधारवर आहे तसंच घाला, तिथं चुकलं तर पेन्शन, बँक, वारसा, तिन्हीकडं चुकणार. उतारा आजोबांच्या, पणजोबांच्या नावावरच राहिलेला असेल तर वारसा लावायचं कामपण त्याच वेळी सुरू करा, नाहीतर शेतकऱ्याचा एफआयडी नंबर निघत नाही आणि तो नंबर नसला की पीएम किसानपासनं पीक नुकसानभरपाईपर्यंत सगळं थांबतं.

अर्ज दिला, आता?

पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. "राहू दे की, सिस्टीममध्ये आहे" म्हणून सांगतील, तरी घ्या. कर्नाटकात सकाल कायदा आहे, २०१२ पासून राज्यभर लागू, त्यात येणाऱ्या सेवेला पोचवर जीएससी नंबर येतो आणि किती दिवसांत काम व्हायला पाहिजे तेही ठरलेलं असतं. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, अर्जदाराला भरपाई मागता येते. त्या पाचशे रुपयांसाठी कुणी भांडावं असं नाही, पण काउंटरवर जाऊन "माझं काय झालं" विचारणं वेगळं आणि "सर हा जीएससी नंबर, मुदत मागच्या सोमवारी संपली" म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य बोलणाऱ्याला खुर्ची मिळते. कणकुंबी-जांबोटीच्या वरच्या गावांतल्या लोकांना तर हे लईच लागू, तिथनं एसटी धरून खाली यायचं आणि सर्व्हर डाऊन म्हणून ऐकून परत जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच. निघायच्या आधी तिथल्या ओळखीच्याला फोन करून सर्व्हर चालू आहे काय विचारा. गावच्या ग्रामपंचायतीतलं बापूजी सेवा केंद्र नाहीतर जवळचं ग्राम वन (हेपण सरकारी सेवा केंद्रच) असेल तर तिथंच करा, तालुक्याला कशाला जायचं. फीचा बोर्ड असतो, तेवढेच द्या आणि पावती मागा. बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी उभा राहणारा जो माणूस "मी करून देतो तात्या" म्हणतो, तो आत जाऊन तोच फॉर्म भरतो जो तुम्ही भरणार होता, आणि मोबाईल नंबर मात्र स्वतःचा टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडं, आणि जन्मभर तुम्ही त्याच्याकडं.

मंजूर होऊनपण पैसे येत नसतील तर बँक बघा. पैसे पासबुक दिलेल्या खात्यात नव्हे, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलंय तिथं जातात. गृहलक्ष्मीच्या दोन हजारांचं किती घरांत असंच झालं, बाई ग्रामीण बँकेत रोज विचारायला जाते आणि पैसे कधीकाळी जनधनसाठी काढलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतात. बँकेत जाऊन "एनपीसीआय मॅपिंग कुठल्या खात्याला आहे बघा" असं याच शब्दांत विचारा, म्हणजे आधारचे पैसे कुठल्या खात्याकडं वळवलेत ते कळतं. गृहलक्ष्मी रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळते, आणि कार्डावर प्रमुख म्हणून घरातली मोठी बाई असते, म्हणजे सासू. सासू वारली की हप्ता बंद, मग तिचं नाव कमी करून सुनेला प्रमुख करायचं, ते होईपर्यंत काही मिळत नाही. नवरा इन्कम टॅक्स भरतो नाहीतर जीएसटी आहे म्हणून नाव वगळलं असेल आणि ते खोटं असेल, कुणाच्या तरी दुकानासाठी कधी पॅन कार्ड दिलेलं असतं बघा, तर तालुक्याच्या बाल विकास योजनाधिकाऱ्याच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या. अंगणवाडीच्या बाई यातलं पुष्कळ जाणतात, त्यांना आधी विचारा.

कुणीच दाद देत नसेल तर १९०२ वर फोन करा, ती राज्य सरकारची जनस्पंदन हेल्पलाईन, तक्रारीचा नंबर मिळतो तो लिहून घ्या. तक्रार मराठीत लिहिली तर घेणार नाही असं कुणी म्हणालं तर घटनेतलं कलम ३५० सांगा, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. तरी माझा सल्ला, मराठी अर्जाला कन्नड भाषांतराचं एक पान टाचून द्या. हक्क आपला आहेच, पण आजीची पेन्शन त्या भांडणात अडकायला नको, ते भांडण तरण्या पोरांनी वेगळ्या अर्जावर करावं.

आणि अगदीच गप्प बसले तर माहिती अधिकार. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावं लागतं, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, बीपीएलवाल्यांना माफ, फक्त कार्डाची झेरॉक्स जोडायची. आपलं गाऱ्हाणं त्यात लिहू नका, प्रश्न विचारा. अमुक नंबरचा अर्ज अमुक तारखेला दिला, तो आज कुठल्या टेबलावर आहे, तिथं कधीपासनं आहे, फेटाळला असेल तर कारणाची प्रत द्या. एवढंच. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडं पहिलं अपील टाका, त्याला अर्जाची आणि पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स लावा, म्हणून ती पोस्टाची पावती पहिल्याच दिवशी पासबुकाच्या कव्हरात घालून ठेवायची.